ऑस्बर्न हाउसची बांधणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहायला आल्यापासून वाइट बेटावरच्या ऑस्बर्न हाउसला माझ्या इतक्या फेऱ्या झाल्या आहेत की आता मोजत नाही. पुण्यामुंबईहून पाहुणे आले की त्यांना घेऊन जाते, मंडळातली मंडळी निघाली की त्यांच्याबरोबर जाते. जाण्याआधी आणि आल्यानंतर फोनवर प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा तेच तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. राणी व्हिक्टोरियाच्या खासगी आयुष्याबद्दलचे प्रश्न मुद्दाम गाळले आहेत. घर कसं बांधलं, का तसं बांधलं आणि कोणी बांधलं, एवढंच इथे आहे. माझ्या मते तेच जास्त बघण्यासारखं आहे.

१. ऑस्बर्न हाउस म्हणजे राजवाडा की बंगला?

आकाराने राजवाडा, स्वभावाने बंगला. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४५ साली ही जागा विकत घेतली ती सुट्टीत मुलाबाळांसह राहता यावं म्हणून. लंडनमधला बकिंगहॅम आणि विंडसरचा किल्ला ही सरकारी घरं होती. समुद्राकाठचा ब्रायटनचा राजवाडा तर चारी बाजूंनी गावाने वेढलेला, बाहेर पाऊल टाकलं की लोक जमायचे. ऑस्बर्न मात्र त्यांची स्वतःची मिळकत होती. म्हणून ते इटलीतल्या ‘व्हिला’च्या धर्तीवर बांधलं गेलं. व्हिला म्हणजे शहराबाहेरचं, बागेच्या मधोमध उभं असलेलं, हवापाण्यासाठी आणि निवांतपणासाठी बांधलेलं मालकाचं घर. पुढे त्याला दिवाणखाने, कचेऱ्या, नोकरांच्या इमारती जोडल्या गेल्या. तरी मूळ गाभा घराचाच राहिला, आणि तो ओळखता येतो (प्रश्न ६ पाहा).

२. ते आहे कुठे? एका दिवसात जमेल का?

वाइट बेटाच्या उत्तर टोकाला, ईस्ट काउझ गावाजवळ. साउदॅम्प्टनहून गाड्या वाहून नेणारी बोट थेट ईस्ट काउझला लागते. धक्क्यापासून घर दीडेक मैलावर आहे आणि रस्ता चढाचा आहे. बरोबर आजी-आजोबा असतील तर चालत निघू नका. एका दिवसात आरामात होतं.

३. आर्किटेक्ट कोण?

नावाजलेला आर्किटेक्ट नेमलाच नव्हता. आराखड्याच्या कल्पना अल्बर्टच्या, आणि त्या कागदावर आणून प्रत्यक्षात उभ्या करणारा थॉमस क्युबिट. क्युबिट मूळचा सुतार. पुढे तो लंडनचा सर्वांत मोठा बांधकाम व्यावसायिक झाला, तिथल्या बेलग्रेव्हिया भागातली पांढरी घरं बरीचशी त्याचीच. त्या काळी गवंडी, सुतार, गिलावेवाले वेगवेगळे गाठायची पद्धत होती. क्युबिटने सगळे कारागीर पगारावर आपल्याकडे ठेवले. त्यामुळे काम ठरल्या वेळेत आणि ठरल्या खर्चात व्हायचं. ऑस्बर्नचा मुख्य भाग सव्वा वर्षात उभा राहिला त्याचं कारण हेच. २३ जून १८४५ रोजी पायाभरणी झाली आणि १८४६ च्या सप्टेंबरात कुटुंब राहायलाही आलं. पहिल्या रात्री राणी उंबरठा ओलांडून आत गेल्यावर तिच्या एका सखीने शुभ म्हणून जुना जोडा तिच्यामागे फेकला होता. आपल्याकडे वास्तुशांतीला जे मनात असतं, तेच तिथेही होतं.

जागेवर आधी एक अठराव्या शतकातलं घर होतं, ते पाडलं. मात्र त्याच्या दर्शनी दाराची चौकट फेकून दिली नाही. ती भिंतीने बंदिस्त केलेल्या भाजीपाल्याच्या बागेचं प्रवेशद्वार म्हणून बसवली. बागेत शिरताना ती नक्की बघा.

४. बेट इंग्लंडचं आणि घर इटलीचं, हे कसं काय?

घरासमोर जो समुद्राचा पट्टा दिसतो त्याला सोलेंट म्हणतात. तो पाहून अल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण यायची. तरुणपणी तो इटली फिरून आलेला होता. मग घरही तिथलंच हवं असं त्याने ठरवलं. सपाट वाटणारी छपरं, छपराखाली पुढे आलेले रुंद छज्जे, अर्धगोल कमानी आणि मुख्य म्हणजे दोन उंच चौकोनी मनोरे ही त्या शैलीची खूण. निशाणाचा मनोरा १०७ फूट आणि घड्याळाचा ९० फूट. दोन्ही मनोरे मुद्दाम सारखे नाहीत आणि एका रेषेतही नाहीत. त्यामुळे बागेतून चालताना घराची बाह्यरेषा दर दहा पावलांवर बदलते. समुद्राच्या बाजूने उतरत्या गच्च्या आहेत, त्यांवर कारंजी, पुतळे, फुलझाडांच्या कुंड्या. खालच्या गच्चीवरून मागे वळून पाहिलंत की घराचा खरा डौल कळतो. समोरच्या वाहनतळावरून तो कळत नाही.

५. भिंती पिवळसर दगडाच्या आहेत ना?

नाही. भिंती विटांच्या आहेत, आणि त्यावर सिमेंटचा गिलावा आहे. गिलावा ओला असताना त्यात रेघा ओढून चिऱ्यांचे सांधे दाखवले आणि वर बाथ गावच्या मधाळ दगडाचा रंग दिला. बागेतल्या कुंड्या आणि कठडेसुद्धा बरेचसे साच्यात ओतलेल्या सिमेंटचे आहेत.

हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो. माझ्याबरोबर आलेल्या एका काकांनी तर ‘मग हे खोटंच की!’ असं म्हणून भिंतीवरचा हात काढून घेतला होता. मला ते खोटं वाटत नाही. क्युबिटची लंडनमधली घरंही अशीच गिलाव्याची आहेत. पाऊस आणि खारं वारं सोसणाऱ्या जागी विटेला गिलाव्याचं आवरण देणं हा शहाणपणा होता, आणि दगड बेटावर वाहून आणण्यापेक्षा ते कितीतरी लवकर होणारं काम होतं. त्याची किंमत मात्र आजही मोजावी लागते. सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढी चीर पडली तरी पाणी आत शिरतं, मागची वीट ओली राहते आणि रंगाचा पापुद्रा फुगतो. त्यामुळे भिंतींची देखभाल इथे कधी संपत नाही. उन्हाळ्यात गेलात आणि एखाद्या कोपऱ्यावर परांची बांधलेली दिसली तर नाराज होऊ नका. हे घर टिकलं आहे ते अशा डागडुजीमुळेच.

६. आतली रचना डोक्यात बसत नाही. सोपी करून सांगता का?

घराचे तुकडे मनात वेगळे करा.

पहिला तुकडा पॅव्हिलियन. चौकोनी, तीन मजली, निशाणाच्या मनोऱ्याचा. मधोमध जिना, त्याच्याभोवती खोल्या. तळमजल्यावर जेवणघर, ड्रॉइंग रूम आणि बिलियर्डची खोली. पहिल्या मजल्यावर राणी आणि अल्बर्ट यांच्या खोल्या, त्यातच दोघांची शेजारी शेजारी लावलेली लिहायची टेबलं. दुसऱ्या मजल्यावर लहान मुलं आणि त्यांच्या दाया. म्हणजे एका चौकोनात एक अख्खं कुटुंब.

दुसरा तुकडा दरबारी मंडळींचा आणि पाहुण्यांचा. त्यात मंत्र्यांना भेटायच्या खोल्याही आल्या. हा भाग पॅव्हिलियननंतर बांधला आणि १८५१ पर्यंत पुरा केला.

या दोघांना जोडते ती लांब दालनासारखी पडवी. तिच्या दोन्ही अंगांना संगमरवरी पुतळे आहेत आणि पायाखाली मिंटन कारखान्याच्या रंगीत फरश्या. फरशीवरून नजर हलवू नका असं मी मुलांना सांगते, कारण पुतळे सगळे बघतात आणि फरशी कोणी बघत नाही. ही पडवी म्हणजे घर आणि कचेरी यांच्यातला उंबरठा. कोणत्या बाजूला उभे आहात हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

तिसरा तुकडा बराच उशिराचा, दरबार हॉलचा (प्रश्न १२ पाहा).

७. ड्रॉइंग रूम आणि बिलियर्डच्या खोलीत भिंतच नाही. बांधायची राहिली का?

राहिली नाही, मुद्दाम घातली नाही. घराच्या आराखड्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

राणीसमोर कोणी बसायचं नाही, असा रिवाज होता. म्हणजे जेवणानंतर ती ड्रॉइंग रूममध्ये बसली की तैनातीतल्या पुरुषांनी तासन् तास ताटकळत उभं राहायचं. घरात असा ताटकळणारा जमाव कोणाला हवा असेल? तेव्हा दोन्ही खोल्या काटकोनात ठेवल्या, मध्ये भिंतीऐवजी खांब. बिलियर्डच्या खोलीतली मंडळी एकाच मोठ्या दालनात, म्हणजे राणीच्या सेवेत हजरच होती. पण कोपऱ्याआड असल्यामुळे ती तिला दिसत नसत, म्हणून त्यांना बसता येई, खेळता येई. हाक मारली की दोन पावलांत पुढे. रिवाज तसाच राहिला आणि माणसांच्या पायांना विसावाही मिळाला.

आपल्या वाड्यांत माजघराच्या दाराआडून बायका ओसरीवरचं बोलणं ऐकत. तिथेही नजरेची रेष कुठे तुटते यावर घराची रचना ठरत असे. ऑस्बर्नमध्ये कोपऱ्यावर उभ्या राहा आणि दोन्हीकडे बघा. एका पावलाने काय बदलतं ते लगेच कळेल.

जाता जाता बिलियर्डचं टेबलही बघा. त्याचे पाय संगमरवराचे वाटतात, पण ती रंग चढवून भाजलेली पाटी आहे, म्हणजे शाळेच्या पाटीचाच काळा दगड. ड्रॉइंग रूममधल्या पिवळ्या खांबांचा संगमरवरसुद्धा नकलीच आहे.

८. वर मुलं धावायची. खाली धडधड ऐकू यायची नाही का?

या जोडप्याला नऊ मुलं झाली, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. क्युबिटने मजल्यांसाठी लाकडी तुळयांऐवजी लोखंडी तुळया वापरल्या आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बसक्या कमानी घातल्या. हेतू मुख्यतः आगीपासून बचावाचा होता. मेणबत्त्या, शेगड्या आणि लाकडी घरं असा तो काळ. जमिनीखालच्या पोकळीत त्याने समुद्रातले शिंपले भरले, त्यांनी आवाज शोषला जातो. बेटावर शिंपल्यांना काय तोटा! बांधकामात असलेल्यांनी हे ऐकून खूश व्हावं असा हा तपशील आहे, पण तो कुठे उघडा दिसत नाही. जमिनीवर उभं राहून तो आहे असं मानायचं.

९. ड्रॉइंग रूमच्या खिडक्यांच्या झडपांना आरसे कशाला?

दिवसा खिडक्यांच्या मोठ्या अखंड काचांतून समुद्र आत येतो. रात्री त्याच काचा काळ्याभोर होतात, आणि काळी खिडकी मेणबत्तीचा उजेड गिळून टाकते. म्हणून आतल्या झडपांना आरसे लावले. झडपा मिटल्या की झुंबराचा उजेड आरशांत पुन्हा पुन्हा उमटून खोली दुप्पट होते.

डिसेंबरातल्या एका अंधारलेल्या दुपारी मी हे समजून घेत होते. आरशात झुंबर, त्या झुंबरामागे समोरच्या आरशातलं झुंबर, असं खोलवर जाणारं काहीतरी दिसत होतं, आणि त्यात माझा ओला रेनकोटसुद्धा. देवघरातल्या आरशापुढे निरांजन ठेवलं की जसं होतं, तसंच, फक्त फार मोठ्या मापाचं.

१०. त्या काळी घरात न्हाणीघर आणि संडास होते?

होते, आणि इथे ते बरेच पुढारलेले होते. राणीच्या कपडे बदलायच्या खोलीत कपाटासारख्या दारांआड नळ जोडलेला टब आणि शॉवर दडवलेला आहे. अल्बर्टच्या न्हाणीघरात टबाच्या वर भलंमोठं भित्तिचित्र आहे. गरम हवेने घर उबदार ठेवायची सोयही सुरुवातीपासून केली होती. पुढे १८७८ च्या जानेवारीत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने टेलिफोनचं प्रात्यक्षिक राणीला दाखवलं तेही इथेच. म्हातारपणी तिला जिना चढवेना, तेव्हा माणसांनी ओढून चालवायची लिफ्ट बसवली.

११. दारांवर जागोजागी ‘व्ही’ आणि ‘ए’ ही अक्षरं गुंफलेली दिसतात. कोणी शिल्पकाराने सही केली आहे का?

व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट. अक्षरं अशी जोडीने सगळीकडे आहेत. पण धूम्रपानाच्या खोलीच्या दारावर फक्त ‘ए’ आहे. तंबाखूचा वास राणीला अजिबात खपत नसे. मुलांना ही खोली शोधायला लावा, ती घरभर दारांच्या वर बघत फिरतात आणि नकळत घर बघून होतं.

१२. दरबार हॉल सुरुवातीपासून होता का?

नाही. अल्बर्ट १८६१ मध्ये गेला, त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १८९० ते ९२ च्या सुमारास हा भाग बांधला. राणीला १८७७ मध्ये हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं, मात्र ती भारतात कधीच आली नाही. घरात मोठ्या मेजवानीला पुरेल अशी खोली नव्हती, पाहुणे जास्त झाले की हिरवळीवर तंबू ठोकावे लागत. तेव्हा सुमारे ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद असा हॉल काढला आणि वरच्या मजल्यावर धाकटी मुलगी बिअॅट्रिसच्या कुटुंबासाठी खोल्या. विजेचे दिवे या खोलीत पहिल्यापासूनच होते. बाहेरून हा भाग इतर घरासारखाच इटालियन दिसतो. आत पाऊल टाकल्यावरच धक्का बसतो.

१३. हॉलमधली पांढरी नक्षी संगमरवराची की हस्तिदंताची?

दोन्ही नाही. ती प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याची आहे. लगदा, सरस आणि खडूची पूड एकत्र मळून साच्यात दाबायची, वाळली की काढून भिंतीवर बसवायची. मूळ नमुने आधी लाकडात कोरले, त्यावरून साचे घेतले आणि लंडनच्या जॅक्सन कंपनीने ओतीव तुकडे तयार केले. म्हणून जाळी, वेलबुट्टी, कोनाडे ठरावीक अंतरावर पुन्हा येतात. एका खणातलं फूल डोळ्यांत धरून पुढच्या खणाकडे गेलात तर तेच फूल भेटतं.

अपवाद शेकोटीवरच्या मोराचा. त्याच्या पिसाऱ्यावरच पाचशे तासांहून अधिक काम झालं. प्रत्येक पीस मुळाशी जाड आणि टोकाशी नखाएवढं पातळ आहे. जमिनीवरचा गालिचा आग्र्याचा, तिथल्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला. आपल्याकडे येरवड्याच्या तुरुंगातही विणकाम चालायचं, त्यामुळे हे वाचताना मला परकं वाटलं नाही.

१४. हे काम केलं ते भाई राम सिंग कोण?

हॉलमध्ये मी सर्वांत जास्त वेळ याच माणसासाठी थांबते.

भाई राम सिंग पंजाबातल्या सुतार घराण्यातले. लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. त्या शाळेचे प्राचार्य होते जॉन लॉकवुड किपलिंग. मुंबईकरांना हे नाव माहीत असायला हवं. लाहोरला जाण्याआधी दहा वर्षं ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते आणि क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची शिल्पं त्यांचीच. राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट १८८६ ते १८९० मुंबई प्रांताच्या फौजेचा सेनापती होता. इंग्लंडमधल्या त्याच्या बॅगशॉट पार्क या घरासाठी किपलिंग आणि राम सिंग यांनी एक भारतीय पद्धतीची बिलियर्डची खोली सजवली होती. ती पाहून ऑस्बर्नचं काम त्यांच्याकडे आलं. किपलिंग यांनी कल्पना आणि देखरेख पाहिली. प्रत्यक्ष रेखाटनं, लाकडातले नमुने आणि जागेवरचं काम राम सिंग यांचं. त्यासाठी ते ऑस्बर्नच्या आवारातच राहिले.

विचार करा. समुद्राचं ओलं वारं, चार वाजता पडणारा अंधार, परकी भाषा, आणि एक शीख कारागीर रोज सकाळी पटाशी घेऊन कामाला बसतो. इंग्रज गिलावेवाल्यांना समजावून सांगतो की कमळाची पाकळी कुठे वळते. हॉलकडे जाणाऱ्या पडवीत भारतीय माणसांची तैलचित्रं आहेत. ती रुडॉल्फ स्वोबोडा या ऑस्ट्रियन चित्रकाराने काढली, त्यातली बरीच भारतात येऊन. त्यांतच भाई राम सिंग यांचंही चित्र आहे. हॉलमध्ये शिरण्याआधी ते शोधा. चेहरा बघून मग काम बघा. पुढे ते लाहोरच्या त्याच शाळेचे प्राचार्य झाले, आणि अमृतसरचं खालसा कॉलेज ही त्यांची सर्वांत देखणी इमारत. अमृतसरला सुवर्णमंदिर पाहायला जाणार असाल तर कॉलेजही बघून या.

१५. राणीच्या घरात गणपती आहे असं ऐकलं. खरं आहे का?

हो. दरबार हॉलच्या दारावर प्लास्टरमधला गणपती आहे. आपल्या वाड्यांच्या दारांवर गणेशपट्टी असते, ती ज्याला ठाऊक आहे त्याला जागा अचूक वाटते. दार म्हटलं की वर गणपती, एवढं साधं. राम सिंग शीख होते, घर ख्रिस्ती राणीचं होतं, तरी दारावर गणपती हवा ही कारागिरांची पक्की सवय मोडली नाही. आमच्यातल्या बहुतेक बायका तिथे नकळत हात जोडतात. मीही जोडते.

एक खबरदारी. आत शिरताना सगळ्यांची नजर मोराकडे जाते आणि गणपती पाठीमागे राहतो. हॉलच्या मध्यावर गेल्यावर मागे वळून वर बघा.

१६. मग ही खोली कोणत्या भारतीय शैलीची? आमच्याकडे अशी इमारत पाहिल्याचं आठवत नाही.

आठवणार नाही, कारण अशी खोली भारतात नव्हतीच. मुघल जाळी, पंजाबी लाकूडकाम, मंदिरांतले मोर आणि देवता हे एका छताखाली आणले आहेत. छत मात्र चौकटींचं, इंग्रजी सभागृहासारखं. काही अभ्यासू लोक याला खिचडी म्हणून हिणवतात. मला तसं करवत नाही. लांबून आलेल्या कारागिराला एका खोलीत एक अख्खा देश दाखवायला सांगितला होता, आणि त्याने तो ज्या तोलाने दाखवला तो तोल मोठमोठ्या आर्किटेक्टना साधत नाही. या खोलीला प्रांत विचारू नये, हातातली सफाई बघावी.

१७. तिथल्या वस्तू लुटून आणलेल्या आहेत का?

हा प्रश्न पूर्वी दबक्या आवाजात यायचा, आता सरळ येतो. ते बरंच झालं.

हॉलची नक्षी इंग्लंडमध्येच बनली, मजुरी देऊन. ती कुठल्या देवळातून किंवा वाड्यातून उखडून आणलेली नाही. कपाटांतल्या वस्तूंमध्ये बऱ्याचशा १८८७ आणि १८९७ च्या राज्यारोहण महोत्सवांच्या वेळी आलेल्या भेटी आहेत. संस्थानिकांनी आणि संस्थांनी पाठवलेली मानपत्रं आणि ती ठेवायच्या चांदी-सोन्याच्या, कोरीव पेट्या. कोहिनूर इथे नाही, तो लंडन टॉवरमध्ये आहे.

तरीही ‘भेट’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. ज्याचं राज्य आपल्यावर आहे त्याला पाठवलेला नजराणा पूर्णपणे खुशीचा कसा म्हणायचा? त्यात निष्ठा असेल, भीती असेल, शेजारच्या संस्थानाशी चढाओढही असेल. पेट्यांवरचं काम मात्र जीव ओतून केलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकदम मनात धरून ती कपाटं बघावी लागतात.

१८. घर इतकं शाबूत कसं राहिलं?

जवळजवळ योगायोगाने. राणी २२ जानेवारी १९०१ रोजी इथेच वारली. घर कुटुंबातच राहावं अशी तिची इच्छा होती, पण मुलाला, सातव्या एडवर्डला, ते नको होतं. त्याने १९०२ साली आपल्या राज्याभिषेकाच्या दिवशी ते देशाला देऊन टाकलं. आवारात नौदलाचं विद्यालय निघालं, ते १९२१ पर्यंत चाललं. घराच्या एका भागात आजारातून उठणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी विश्रामगृह झालं. वापर चालू राहिल्यामुळे छप्पर गळकं राहिलं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या खासगी खोल्या मात्र लोखंडी दाराआड बंद करून ठेवल्या, घराण्याबाहेरचं कोणी आत जात नसे. १९५४ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथने त्या लोकांसाठी उघडायला परवानगी दिली. म्हणजे अर्धशतकभर त्या खोल्यांत ना कोणी भिंत हलवली, ना सामान बदललं. १९८६ पासून घराची व्यवस्था इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे.

१९. बागेत लांबवर एक लाकडी घर आहे. तिथपर्यंत जावं का?

मुलं बरोबर असतील तर जरूर. त्याला स्विस कॉटेज म्हणतात, १८५३-५४ मधलं. आल्प्समधल्या लाकडी घरासारखं, उतरत्या छपराचं. राणीची मुलं तिथे स्वयंपाक शिकत. बाहेर प्रत्येकाच्या नावाचा भाजीचा वाफा होता, आद्याक्षरं घातलेली छोटी अवजारं होती, आणि पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावाने त्यांच्याकडून विकत घेई. छोट्या हातगाड्या अजून आहेत. मुख्य घराच्या गिलाव्यानंतर खरंखुरं उघडं लाकूड बघून डोळ्यांना बरं वाटतं.

२०. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ऑस्बर्नची नक्कल आहे का?

नक्कल म्हणू नये, एकाच घराण्यातली म्हणावी. ऑस्बर्न उभं राहिल्यावर इटालियन मनोऱ्याचं घर ही साम्राज्यभरची फॅशन झाली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचं गव्हर्नमेंट हाउस तर थेट ऑस्बर्नवरूनच काढलेलं आहे. गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं निवासस्थान, म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये सुरू झालं आणि १८७१ मध्ये पूर्ण झालं. आर्किटेक्ट जेम्स ट्रबशॉ. तिथेही उंच मनोरा आहे, कमानींच्या रांगा आहेत. फरक हवेने आणि दगडाने पडला. पुण्यात घडीव दगड उघडा दिसतो, आणि कमानींच्या मागे सावलीचे व्हरांडे आहेत. ऑस्बर्नला ऊन आत यायला हवं असतं, गणेशखिंडीला ते बाहेर राहायला हवं असतं. हे एकदा लक्षात आलं की दोन्ही इमारती एकमेकींमुळे जास्त कळतात.

आणखी एक धागा आहे, तो बांधकामाचा नाही, पण गाळवत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतल्या याच इमारतीत राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ झाला. तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षीच्या महोत्सवाची मानपत्रं ऑस्बर्नच्या कपाटांत आहेत (प्रश्न १७).

२१. आमच्याकडे फक्त दीड तास आहे. काय सोडू आणि काय बघू?

जेवणघर चालता चालता बघा. ड्रॉइंग रूमच्या कोपऱ्यावर पाच मिनिटं थांबा (प्रश्न ७). वरच्या मजल्यावर दोन शेजारची टेबलं बघा. स्वोबोडाच्या चित्रांत भाई राम सिंग शोधा, आणि उरलेल्या वेळातला अर्धा दरबार हॉलला द्या. त्यातही छताकडे बघून मान अवघडली की मोराच्या खालच्या पिसांकडे या, ती डोळ्यांच्या पातळीपासून फार दूर नाहीत. स्विस कॉटेज सोडा, ते लांब आहे. बाहेर पडल्यावर मात्र खालच्या गच्चीपर्यंत उतरा आणि घराकडे तोंड करून उभ्या राहा. संध्याकाळचं ऊन असेल तर गिलाव्यातल्या रेघांच्या सावल्या पडतात आणि विटांचं घर दहा मिनिटं खरोखर दगडाचं होतं. मग बोटीला निघा, धक्क्याकडचा रस्ता उताराचा आहे.